‘ट्राय इट ऑन’ : घालून बघण्याचं इंग्रजी

बंगळुरूच्या चिकपेटेत किंवा कमर्शियल स्ट्रीटवर कापडाच्या दुकानात शिरलं की दुकानदार कुठल्या भाषेत बोलेल, हे आधी सांगता येत नाही. सुरुवात बहुधा कन्नडात होते. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून मग तमिळ किंवा हिंदी येतं, आणि कशानेच जमत नसेल तर इंग्रजी. सांगली-सोलापूरकडून नोकरीसाठी आलेला मराठी मुलगा अशा दुकानात शर्ट हातात धरून विचारतो, ‘कॅन आय ट्राय ऑन इट?’ दुकानदार पडद्याकडे बोट दाखवतो आणि काम होऊन जातं. पण सोबतचा मित्र हळूच सुधारतो, ‘अरे, ट्राय इट ऑन म्हणतात.’

मुलगा चक्रावतो आणि त्याचं चक्रावणं रास्त आहे. ‘ट्राय ऑन धिस शर्ट’ बरोबर आहे. ‘ट्राय धिस शर्ट ऑन’ हेही बरोबर आहे. ‘ट्राय इट ऑन’ बरोबर आहे. मग ‘ट्राय ऑन इट’ तेवढं चूक का? शर्टाचं नाव घेतलं तर ‘ऑन’ आधीही चालतो आणि नंतरही. नावाऐवजी सर्वनाम आलं की त्याची एक जागा एकदम बंद होते.

शाळेत या प्रश्नाचं उत्तर ‘तसा नियम आहे, पाठ करा’ असं मिळतं. ते अपुरं आहे. नियमामागे कारण आहे, आणि ते समजून घ्यायला लागणारं बरंचसं सामान मराठी माणसाच्या शालेय व्याकरणात आणि रोजच्या बोलण्यात पडलेलं आहे. आपण ते कधी इंग्रजीच्या तासाला बाहेर काढत नाही, एवढंच.

एक ‘ऑन’ आणि आपली डझनभर क्रियापदं

आधी ‘ऑन’ इथे काय करतो ते बघू. मराठीत अंगावर काय चढवायचं त्याप्रमाणे क्रियापद बदलतं. सदरा घालतात, साडी नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, चष्मा आणि कुंकू लावतात. साडी घालणारी मुलगी आज दिसते खरी, पण घरातल्या आजीच्या कानाला ते अजून खटकतं.

इंग्रजीने हा सगळा कारभार ‘ऑन’ या दोन अक्षरी शब्दावर सोपवला आहे. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगावर चढवणं, मग तो सदरा असो, साडी असो की चष्मा. ‘हॅव ऑन’ म्हणजे अंगावर असणं. या ‘ऑन’चा उलटा भाऊ ‘ऑफ’. ‘टेक ऑफ’ म्हणजे अंगावरून उतरवणं. म्हणजे कपड्यांच्या गोष्टीत ‘ऑन’चा अर्थ ठरलेला आहे: अंगावर चढलेल्या स्थितीत. त्याच्या आधी कोणतं क्रियापद येतं त्यावरून ती स्थिती कशी आली किंवा कशासाठी आली हे कळतं. आधी ‘ट्राय’ आलं की अर्थ होतो, पारखण्यासाठी अंगावर.

‘ट्राय’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ होता निवडणं, चाळून वेगळं काढणं. त्यातूनच न्यायालयातली चौकशी, म्हणजे ‘ट्रायल’, आणि वस्तूची परीक्षा हे अर्थ आले. प्रयत्न करणं हा आज सर्वांत ओळखीचा अर्थ त्यानंतरचा. कपडे घालून बघण्यासाठी ‘ट्राय ऑन’ ही जोडी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सापडते.

‘ऑन’ काढून टाकला तर काय होतं? ‘ट्राय धिस शर्ट’ हे चूक नाही, पण ते मोघम आहे. हा घे, हाही पर्याय बघ, इतकंच त्यातून कळतं. बंगळुरूतच मुख्यालय असलेल्या मिंत्रा या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने ‘ट्राय अँड बाय’ नावाची सोय आणली, त्या नावात ‘ऑन’ नाही. जाहिरातीच्या नावाला तो मोघमपणा परवडतो. खाण्याच्या पदार्थाला मात्र नुसतं ‘ट्राय’च लागतं, कारण पोहे कुणी अंगावर चढवत नाही. यंत्र, गाडी, नवी कल्पना वापरून पाहायची तर ‘ट्राय आउट’. अंगावर चढणाऱ्या सगळ्या वस्तूंना, मग त्या चपला असोत, अंगठी असो, हेल्मेट असो, ‘ट्राय ऑन’.

‘झाडावर चढ’ आणि ‘वर चढ’

मराठी व्याकरणात आपण शब्दयोगी अव्यय आणि क्रियाविशेषण अव्यय असे दोन प्रकार शिकलो. ‘झाडावर चढ’ यातला ‘वर’ झाडाला चिकटलेला आहे, म्हणून तो शब्दयोगी. ‘वर चढ’ यातला ‘वर’ कुणाला चिकटलेला नाही. चढण्याची दिशा सांगतो, म्हणून तो क्रियाविशेषण. शब्द तोच आहे, पण त्याचं इमान वेगवेगळ्या शब्दांशी आहे. पहिल्यातला ‘वर’ नामाचा, दुसऱ्यातला क्रियापदाचा.

इंग्रजीतल्या ‘ऑन’चंही असंच आहे. ‘सिट ऑन द चेअर’ यातला ‘ऑन’ खुर्चीचा आहे. ‘ऑन द चेअर’ हा एक गठ्ठा आहे, आपल्या ‘खुर्चीवर’सारखा. म्हणून खुर्चीऐवजी सर्वनाम आलं तरी गठ्ठा मोडत नाही: ‘सिट ऑन इट’, म्हणजे ‘त्यावर बस’. ‘ट्राय ऑन द शर्ट’ यातला ‘ऑन’ मात्र शर्टाचा नाही. शर्टावर काही होत नाही. होतं ते अंगावर, आणि ते अंग वाक्यात उच्चारलेलंच नाही. हा ‘ऑन’ ‘ट्राय’चा आहे. शर्ट फक्त त्याच्या शेजारी येऊन बसला आहे.

मराठीत ही दोन नाती लिहिण्यातच वेगळी दिसतात. एक ‘वर’ जोडून लिहितो, दुसरा सुटा. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ऑन’ सुटाच लिहिला जातो, त्यामुळे डोळा फसतो. ‘ट्राय ऑन इट’ म्हणणारा मुलगा नेमका इथे फसतो. ‘सिट ऑन इट’चा साचा त्याने मनात धरला, ‘ऑन इट’ हा गठ्ठा समजला आणि तो तसाच उचलून ठेवला. त्याच्या चुकीत तर्क आहे. फक्त ‘ऑन’ कुणाचा हे ओळखण्यात गफलत आहे.

कानाने हे ओळखता येतं. क्रियापदाच्या ‘ऑन’वर आवाजाचा जोर पडतो: ‘ट्राय इट ऑऽन’. नामाच्या ‘ऑन’वर पडत नाही: ‘सिट ऑन इट’ म्हणताना जोर ‘सिट’वर असतो आणि ‘ऑन इट’ घाईत उरकलं जातं. मोठ्याने म्हणून बघा. हा फरक डोळ्यापेक्षा कानाला लवकर पटतो.

शेवटची जागा कुणाला

आता मूळ कोड्याकडे येऊ. ‘ऑन’ क्रियापदाचा असला तरी तो शर्टाच्या आधीही येतो आणि नंतरही. मग ‘इट’च्या आधीच का येत नाही?

इंग्रजी वाक्याचा शेवट हा पंगतीतल्या मानाच्या पाटासारखा असतो. तिथे नवी, वजनदार, जोर देऊन सांगायची गोष्ट बसते. आधीच ठाऊक असलेली हलकी गोष्ट तिथे बसली तर इंग्रजी कानाला ते अवघडतं. दुकानात प्रथमच एखाद्या शर्टाचा उल्लेख होत असेल तर शर्ट ही नवी बातमी आहे, म्हणून ‘ट्राय ऑन द ब्ल्यू शर्ट’. शर्टावर बोलणं झालेलं असेल आणि आता घालून बघण्यावर भर द्यायचा असेल तर ‘ट्राय द ब्ल्यू शर्ट ऑन’. दोन्ही चालतात, कारण ‘ब्ल्यू शर्ट’ हे शब्द प्रसंग पाहून हलकेही होतात आणि जडही.

‘इट’ला ती मुभा नाही. सर्वनाम वापरतो तेव्हाच आपण सांगत असतो की ही वस्तू तुला ठाऊक आहे. ‘इट’ छोटा आहे, जोर न घेणारा आहे आणि त्यात नवं काही नाही. तो मधे सरकतो आणि शेवटची जागा ‘ऑन’ घेतो, कारण या वाक्यातली खरी बातमी ‘अंगावर चढवून’ हीच आहे. ‘देम’, ‘हिम’, ‘हर’ यांचंही तसंच. ‘धिस’ आणि ‘दॅट’ यांच्यावर बोट दाखवून जोर देता येतो, म्हणून ‘ट्राय ऑन धिस’ असंही कानावर पडतं. तरी ‘ट्राय धिस ऑन’ जास्त सहज वाटतं.

उलट टोकाला खूप लांब वर्णन येतं. दारातल्या काचेमागे टांगलेला, गळ्यावर कशिदा असलेला निळा कुडता घालून बघायचा आहे. हे सगळं ‘ट्राय’ आणि ‘ऑन’ यांच्यामध्ये कोंबलं तर ऐकणारा ‘ऑन’ येईपर्यंत ताटकळतो. इतकं वजन शेवटी ढकलणंच सोयीचं, म्हणून तिथे ‘ट्राय ऑन’ एकत्र राहतं आणि वर्णन मागून येतं.

▢ चौकट : ‘ऑन’ कुठे ठेवायचा
• कपड्याचं नाव छोटं असेल तर दोन्हीकडे: ‘ट्राय ऑन द शर्ट’, ‘ट्राय द शर्ट ऑन’.
• सर्वनाम असेल तर ते मधेच: ‘ट्राय इट ऑन’, ‘ट्राय देम ऑन’.
• वर्णन लांबलचक असेल तर ते शेवटी. ‘ट्राय ऑन’ आधी आणि एकत्र.
• ‘ट्राइंग इट ऑन’ हे ब्रिटिश बोलीत कपड्यांशिवायही येतं. तिथे अर्थ होतो, खपतंय का बघावं म्हणून आगाऊपणा करणं. लंडनहून आलेल्या साहेबाच्या तोंडी हे आलं तर शर्ट शोधू नये.

पाणिनीने नोंदलेली सवलत

क्रियापदाचा अर्थ बदलणारा छोटा शब्द ही कल्पना मराठी वाचकाला मुळीच परकी नाही. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार कसे होतात हे आपण लहानपणी शिकलो. उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. इंग्रजीत ‘टेक’मागे ‘ऑफ’, ‘इन’, ‘अप’, ‘ओव्हर’ आले की नेमकं हेच होतं. फरक एवढाच वाटतो की आपला उपसर्ग धातूच्या आधी घट्ट चिकटलेला असतो, आणि इंग्रजीचा मागे, सुटा, मधे दुसरे शब्द येऊ देणारा.

पण संस्कृतात तो नेहमी घट्ट चिकटलेला नव्हता. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात पाणिनी आधी नियम सांगतो की उपसर्ग धातूच्या पूर्वी येतात. लगेच पुढच्या दोन सूत्रांत तो वेदांच्या भाषेसाठी सवलत नोंदवतो: तिथे ते धातूच्या नंतरही येऊ शकतात, आणि मधे इतर शब्द येऊन धातूपासून दूरही पडू शकतात. नंतरच्या संस्कृताने ही मोकळीक सोडून दिली. मला ही दोन सूत्रं फार महत्त्वाची वाटतात. इंग्रजीच्या वर्गात ‘विचित्र’ म्हणून शिकवली जाणारी रचना आपल्याच परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास नेमकेपणाने टिपलेली आहे.

इंग्रजीची नातलग जर्मन भाषा दोन्ही रीती एकाच वेळी पाळते. कपडे घालून बघण्याला जर्मनमध्ये ‘आनप्रोबीरेन’ म्हणतात. शब्दकोशात ‘आन’, म्हणजे इंग्रजीचा ‘ऑन’च, पुढे चिकटलेला असतो, साध्या वाक्यात तो सुटून थेट शेवटी जाऊन बसतो. ‘इश प्रोबीरे दास हेम्ट आन’, म्हणजे मी शर्ट घालून बघतो. जुन्या इंग्रजीतही असे पुढे चिकटणारे शब्द भरपूर होते. पुढच्या काही शतकांत इंग्रजी त्यांना क्रियापदाच्या मागे ठेवू लागली आणि ‘गिव्ह अप’, ‘टेक ऑफ’ अशा जोड्यांचा पूर आला.

सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने कबूल केलं की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ फिरवण्याची ही पद्धत परदेशी माणसाला सर्वांत जड जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव त्यानंतर बऱ्याच काळाने रूढ झालं. लोगन पिअर्सल स्मिथ याने 1925च्या आपल्या पुस्तकात ते वापरलं, आणि ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचा संपादक हेन्री ब्रॅडली याने.

‘घालू बघणं’ आणि ‘घालून बघणं’

आता मराठीची खरी ताकद. आजी नातवाला स्वेटर घालू बघते आणि नातू पळतो. वडील दुकानात नवा बूट घालून बघतात आणि दोन पावलं चालतात. दोन्हीकडे ‘बघणं’ आहे, पण डोळ्यांनी पाहण्याशी त्याचा संबंध फारसा नाही. ‘घालू बघणं’ म्हणजे घालण्याचा प्रयत्न. तो साधेल की नाही ठाऊक नाही. ‘घालून बघणं’ म्हणजे घालण्याची क्रिया करायची आणि तिचा परिणाम काय होतो ते तपासायचं.

हा फरक फक्त कपड्यांपुरता नाही. ‘मी त्याला समजावू पाहिलं’ म्हणजे समजावण्याची संधी मिळालीच असेल असं नाही. ‘मी त्याला समजावून पाहिलं’ म्हणजे समजावलं, पण उपयोग झाला का हा प्रश्न. एक ‘ऊ’ आणि एक ‘ऊन’, आणि अर्थात एवढं अंतर.

इंग्रजी तेच अंतर वेगळ्या हत्यारांनी दाखवते. ‘घालू बघितला’ म्हणजे ‘आय ट्राइड टू पुट इट ऑन’. ‘घालून बघितला’ म्हणजे ‘आय ट्राइड इट ऑन’. ‘ट्राय टू’मध्ये धडपड आहे, ‘ट्राय ऑन’मध्ये पारख. ‘घालून बघितला, पण डोक्यातून खाली उतरेचना’ असंही आपण म्हणतो, आणि इंग्रजही म्हणतो. पण तिथेसुद्धा हेतू पारखण्याचाच असतो. म्हणून ‘ट्राय ऑन’ शिकणाऱ्या मराठी मुलाला मी ‘ऑन म्हणजे वर’ असं कधीच सांगणार नाही. ‘ट्राय’ म्हणजे ‘बघ’ आणि ‘ऑन’ म्हणजे ‘घालून’, एवढं सांगितलं की त्याच्या मनातलं वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर येतात. मराठीत ‘घालून’ आधी आणि ‘बघ’ शेवटी. इंग्रजीत ‘ट्राय’ आधी आणि ‘ऑन’ शेवटी. क्रम उलटा आहे, आणि मधे कपडा येऊ शकतो तो इंग्रजीत.

बंगळुरूत सगळ्यांनाच ‘बघायचं’ असतं

चिकपेटेतला दुकानदार कन्नडात म्हणतो, ‘हाक्कोंडु नोडि’. ‘नोडु’ म्हणजे बघणं. शेजारच्या तमिळ गिऱ्हाइकाला तो ‘पोट्टु पारुंग’ म्हणेल. ‘पार्’ म्हणजे बघणं. तेलुगूत ‘वेसुकुनि चूडंडि’. ‘चूडु’ म्हणजे बघणं. हिंदीत ‘पहनकर देखिए’. आपलं ‘घालून बघा’. पाच भाषा, त्यांत दोन एका कुळातल्या आणि तीन दुसऱ्या कुळातल्या, पण सगळ्यांची बांधणी एकच: आधी क्रिया पुरी करणारं रूप, मग ‘बघ’. कन्नडातल्या ‘हाक्कोंडु’मधला ‘कोंडु’ तर ‘स्वतःसाठी’ असा अर्थ देतो, आपल्या ‘घालून घे’मधल्या ‘घे’सारखा.

हा योगायोग नव्हे. शेकडो वर्षं शेजारी राहिलेल्या भाषा शब्दांबरोबर वाक्यं बांधण्याच्या रीतीही एकमेकींकडून उचलतात. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1956 साली भारत हे या अर्थाने एक भाषाक्षेत्र आहे असं मांडलं. कॉलिन मॅसिका याने 1976च्या पुस्तकात त्या क्षेत्राच्या खुणा एकेक करून तपासल्या, आणि ‘करून’, ‘घालून’ अशी पूर्वकालवाचक रूपं त्यांतली एक महत्त्वाची खूण ठरली. आशियाच्या दुसऱ्या टोकालाही ‘बघणं’ हेच काम करतं. जपानी माणूस ‘किते मिरु’ म्हणतो आणि ‘मिरु’ म्हणजे बघणं. कोरियन ‘इबो बोदा’ म्हणतो आणि ‘बोदा’ म्हणजेही बघणंच.

त्यामुळे बंगळुरूच्या दुकानात ‘वेअर अँड सी, मॅडम’ असं इंग्रजी ऐकू आलं तर दचकू नये. ते या सगळ्या भाषांचं सामाईक वाक्य इंग्रजी शब्दांत उतरलेलं आहे, आणि इथे ते सर्वांना कळतं. इंग्रजीच्या मूळ घरी मात्र ‘वेअर’ म्हणजे अंगावर असणं, वापरत असणं. अंगावर चढवण्याच्या क्रियेला ‘पुट ऑन’. मराठीचं ‘घालणं’ दोन्ही कामं करतं, म्हणून आपण ‘वेअर युवर शूज’ म्हणतो आणि तिकडे ‘पुट युवर शूज ऑन’ म्हणतात. ‘ट्रायल रूम’चंही तसंच. आपल्याकडे तो घरचा शब्द झाला आहे. लंडनमध्ये ‘फिटिंग रूम’ किंवा ‘चेंजिंग रूम’ विचारावं, कारण तिथे ‘ट्रायल’ म्हटलं की आधी न्यायालय आठवतं.

घालूनच का बघावं लागतं

एम किंवा एल लिहिलेला शर्ट घेतला तरी घालून बघावाच लागतो, कारण एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एमशी जुळेलच असं नाही. आपल्याकडच्या तयार कपड्यांची मापं बऱ्याच अंशी ब्रिटन-अमेरिकेच्या तक्त्यांवरून घेतलेली. भारतीय शरीरांची स्वतंत्र मापं काढण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडिया साइज’ हा प्रकल्प हाती घेतला. 15 ते 65 वयाच्या 25,000हून अधिक स्त्री-पुरुषांची त्रिमितीय स्कॅनरने मापं घेण्याची ही योजना, आणि तिच्यासाठी निवडलेल्या सहा शहरांत मुंबई आणि बंगळुरू दोन्ही आहेत.

घालून बघितल्यावर बोलायचे शब्दही वेगळे करून ठेवायला हवेत. मापाला बसतो, तो ‘फिट्स’. अंगाला शोभतो, तो ‘सूट्स’. पँटीवर जातो, तो ‘गोज विथ’. शर्ट नीट बसेल, पण शोभणार नाही. तेव्हा ‘इट फिट्स, बट इट डझन्ट सूट मी’. आपण ‘फिटिंग’ या एकाच शब्दात सगळं गुंडाळतो आणि मग नेमकं काय बिनसलंय ते विक्रेत्याला कळत नाही.

शिंप्याकडे गेलात तर अशा आणखी जोड्या भेटतात, आणि इथला शिंपी मराठी बोलणाराही निघू शकतो. 1638नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, आणि मराठी त्या काळापासून या शहरात नांदते आहे. घरात मराठी आणि बाहेर कन्नड बोलणारी नामदेव शिंपी आणि भावसार समाजांची घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कन्नडातही शिंप्याला ‘सिंपिग’ म्हणतात. शिंपी म्हणतो, कंबर ‘आत घेतो’; इंग्रजीत ‘टेक इन’. शिवणीच्या आत राखलेली माया उसवून ‘सोडतो’. इंग्रजीत ‘लेट आउट’. पायजम्याची उंची कमी करणं म्हणजे ‘टेक अप’, दुमड सोडून वाढवणं म्हणजे ‘लेट डाउन’. चारही ठिकाणी सर्वनामाचा तोच कायदा: ‘टेक इट इन’, ‘लेट इट आउट’. एकदा ‘ऑन’ कुणाचा हे कळलं की हे वेगळं शिकावं लागत नाही.

बंगळुरू प्रकल्प

इंग्रजी शिकवण्याच्या इतिहासात बंगळुरूचं नाव एका प्रयोगामुळे जगभर गेलं. एन. एस. प्रभू तेव्हा मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. बंगळुरूच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशच्या साथीने त्यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या काही शाळांत एक वेगळी पद्धत राबवली. व्याकरणाचे नियम आधी सांगायचे नाहीत. मुलांना नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक अशी खरी कामं द्यायची, त्यातली अडचण सोडवायला लावायची आणि सगळं बोलणं इंग्रजीत होऊ द्यायचं. प्रभूंचं म्हणणं असं की मन अर्थात गुंतलेलं असतं तेव्हा व्याकरण नकळत रुजतं. 1987 साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं आणि ‘बंगलोर प्रोजेक्ट’ हे नाव शिक्षणशास्त्रात कायमचं झालं.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि त्या पद्धतीविषयी मला आदर आहे. वर मी जे केलं तेही एका अर्थी भाषांतरच. पण कारण समजणं वेगळं आणि तोंडात बसणं वेगळं. त्यासाठी प्रभूंची वाट चांगली. दोनशे फ्रेझल व्हर्बच्या यादीपेक्षा घरातल्या कपाटाचा एक खण जास्त शिकवतो. लग्नाला जायचं आहे, खर्चाची मर्यादा ठरलेली आहे, जुन्यातलं काय चालेल ते ठरवायचं आहे, अशी अडचण दोघांत मांडावी. एकाने कपडे सुचवायचे, दुसऱ्याने घालून बघून नाकारायचे किंवा घ्यायचे, आणि कारण द्यायचं. शर्ट सुचवताना ‘ट्राय ऑन द व्हाइट शर्ट’ येईल, कारण तो नव्याने आला. पुढच्याच वाक्यात ‘ट्राय इट ऑन अगेन विथ द जॅकेट’ येईल, कारण आता तो जुना झाला. मग हात जीन्सकडे जाईल आणि तिथे एक नवी अडचण उभी राहील. मराठीत पँट एक असते आणि चष्माही एक. इंग्रजीत ‘जीन्स’, ‘ट्राउझर्स’, ‘ग्लासेस’ हे एक नग असले तरी अनेकवचनीच असतात. तिथे ‘ट्राय इट ऑन’ चालत नाही. एकाच जीन्सला ‘ट्राय देम ऑन’ म्हणावं लागतं.